मनाची अवस्था आणि सीआरपी एकत्र कसे वाचावे: बाईचे आणि पुरुषाचे

म्हापसा, पणजी, मडगाव, कुठेही जा, लॅबच्या तपासण्यांच्या पॅकेजमध्ये हल्ली एचएस-सीआरपी, म्हणजे रक्तातले अगदी थोडे सीआरपीही टिपणारी तपासणी, असतेच. रिपोर्टवर ३.८ आणि शेजारी 'हाय' असे छापून आले की घरात दोनच निष्कर्ष निघतात. एक तर 'टेन्शन घेतेस म्हणून', नाही तर 'इन्फेक्शन असेल, अँटिबायोटिकचा कोर्स करून टाक'. दोन्ही घाईचे. सीआरपी हे शरीरात कुठेतरी दाह (सूज) असल्याचे दाखवणारे प्रथिन यकृत तयार करते, आणि तेही आयएल-६ नावाच्या रसायनाचा इशारा आल्यावर. तो इशारा जंतूंमुळे येतो, तसाच पोटावरच्या चरबीमुळे, सुजलेल्या हिरड्यांमुळे, विडी-सिगरेटमुळे, अपुऱ्या झोपेमुळे आणि महिनोन् महिने चाललेल्या मानसिक ताणामुळेही येतो. आकडा एकच दिसतो, त्यामागचे कारण त्यात लिहिलेले नसते.

ही कारणे बायकांत आणि पुरुषांत सारख्या प्रमाणात आढळत नाहीत. त्यामुळे तोच ३.८ बाईच्या रिपोर्टवर असला तर एका क्रमाने तपासायचा आणि पुरुषाच्या रिपोर्टवर असला तर दुसऱ्या. तो क्रम खाली दिला आहे. यातून निदान होत नाही. डॉक्टरसमोर बसताना वहीत नेमके काय लिहिलेले असावे, एवढेच यातून कळेल.

फरक कुठे दिसला आहे

अमेरिकेतल्या १९८८ ते १९९४ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतली माहिती २००४ मध्ये तपासली गेली, तेव्हा नैराश्य आणि वाढलेले सीआरपी यांचा संबंध पुरुषांत ठळक होता. बायकांत वजन वगैरे बाबी हिशेबात धरल्यावर तो फारसा उरला नाही. उलट बाजूने पाहिले तर चित्र पालटते. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात २००८ मध्ये असे दिसले की दिवसभरात आनंदी, समाधानी क्षण जास्त असतील तर सीआरपी आणि आयएल-६ कमी असतात, पण हे बायकांत, पुरुषांत नाही. म्हणजे मन खचणे आणि मन प्रसन्न असणे ही एकाच दांड्याची दोन टोके समजू नयेत. शरीराशी त्यांचे नाते वेगवेगळे असू शकते.

झोपेचेही तसेच. रात्री ११ ते पहाटे ३ जागे ठेवून सकाळी रक्त तपासले, तर दाह पेटवणारी पेशींतली यंत्रणा बायकांत चालू झालेली दिसली, पुरुषांत नाही. निरोगी माणसांना जंतूंच्या कवचाचा अगदी थोडा अंश टोचून काही तासांपुरता दाह निर्माण केला, तेव्हा 'आपले कोणी नाही' ही भावना बायकांत जास्त वाढली. म्हणजे रस्ता दुहेरी आहे. मनामुळे दाह वाढतो, तसा दाहामुळेही मन खाली बसते.

ही सगळी गटांची सरासरी आहे आणि प्रत्येक अभ्यास त्याच दिशेने जातो असेही नाही. 'बायकांचे असेच असते' असे यावरून कोणी बोलू लागले तर त्याने कागद नीट वाचलेला नाही, असे समजावे.

रक्त कधी द्यायचे

साधे सीआरपी नको, एचएस-सीआरपी मागून घ्या. साध्या तपासणीत पुष्कळदा ५-६ च्या खालचे काहीच दिसत नाही, आणि आपला सगळा प्रश्न १ ते ५ या टापूतला आहे. एकक बघा. १ मिग्रॅ प्रति डेसिलिटर म्हणजे १० मिग्रॅ प्रति लिटर. लॅब बदलली आणि आकडा एकदम दहापट झाला वा दहाव्या हिश्शावर आला, तर आजार बदललेला नसतो, एकक बदललेले असते.

लिटरमागे १ मिग्रॅपेक्षा कमी म्हणजे कमी, १ ते ३ मधले, ३ च्या वर जास्त. ही पट्टी हृदयविकाराच्या धोक्यासाठी बांधलेली आहे, मनासाठी नव्हे, पण दुसरी पट्टी हाताशी नाही. १० च्या वर गेले तर मनाचा विचार तूर्त बाजूला ठेवा. ताप, दात, लघवी, छाती, सांधे तपासून घ्या आणि बरे झाल्यावर निदान दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या.

आकडा बिघडण्याची सगळ्यात साधी कारणे: दोन आठवड्यांत आलेला ताप वा सर्दी, नुकतीच घेतलेली लस, दात काढणे, पायाला झालेली जखम, आदल्या दिवशीचा अंगमेहनतीचा मोठा व्यायाम. गोव्यात पावसाळ्याचे महिने या कामाला वाईटच. डेंगी, लेप्टो, साधा व्हायरल, घरात कोणी ना कोणी आजारी असतेच. शक्य असेल तर गणेशचतुर्थी आणि पाऊस आटोपल्यावर तपासा. निदान घरात ताप असताना तरी नको. उपाशीपोटी जायची या तपासणीसाठी गरज नाही, पण साखर आणि कोलेस्टेरॉल त्याच वेळी करणार असाल तर लॅब सांगेल तसे करा.

एका आकड्यावर काहीही ठरवू नका. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासा आणि सरासरी काढा. पाळी चालू असलेल्या बाईने दोन्ही वेळा पाळीचा साधारण तोच टप्पा साधावा. अंगावरून जात असताना सीआरपी थोडे वर असते आणि मग उतरते. सुरू झालेल्या दिवसापासून सातव्या ते दहाव्या दिवसात देणे सोयीचे. मग दोन तपासण्यांत दोन आठवड्यांऐवजी एका महिन्याचे अंतर पडले तरी चालेल.

मनाचा आकडा

त्याच आठवड्यात डब्ल्यूएचओ-५ ही मन किती ठीक आहे ते मोजणारी प्रश्नावली भरा. पाच वाक्ये असतात: मी आनंदात होते, शांत, निवांत वाटत होते, अंगात हुशारी होती, सकाळी ताजेतवाने वाटून उठले, रोजच्या दिवसात मला रस वाटेल असे काही होते. मागच्या दोन आठवड्यांत हे किती वेळा खरे होते ते ० म्हणजे कधीच नाही, ५ म्हणजे सतत, असे लिहायचे. बेरजेला ४ ने गुणा, शंभरपैकी आकडा मिळतो. ५० किंवा त्याखाली आला तर नैराश्याची तपासणी करून घ्यावी, २८ किंवा त्याखाली आला तर थांबूच नये. पुढे तुलना करताना १० गुणांचा फरक पडला तरच फरक पडला म्हणावे.

भरताना एकटे बसा. नवरा, सासू किंवा मुलगी शेजारून 'तसे काही नाही गं' म्हणू लागली की आकडा वर जातो. अर्थ बदलू नका, शब्द घरचे वापरा.

पुरुषाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. पुरुष रडू आले असे लिहीत नाहीत. चिडचिड, गाडी बेफाम हाकणे, रोज रात्रीचा पेग, कामावरून आल्यावर कोणाशी न बोलणे, या वाटेने त्यांच्या मनातले बाहेर पडते आणि प्रश्नावलीत सापडत नाही. म्हणून पुरुषाच्या वहीत आणखी दोन ओळी हव्यात: आठवड्यात किती दारू आणि किती वेळा संताप. दुसरी ओळ घरच्या माणसाकडून भरून घेतली तर जास्त खरी निघते.

दारू मोजताना 'दोन पेग' हे माप नव्हे. १० ग्रॅम अल्कोहोल म्हणजे एक प्रमाण. ४२.८ टक्क्यांची फेणी ३० मिली म्हणजे एक प्रमाण, तावेर्नात (गुत्त्यावर) हातात येणारा ६० चा पेग म्हणजे दोन. साधारण १५ टक्क्यांच्या हुर्राकचा (काजूची हलकी दारू) १८० मिलीचा ग्लास लिंबू-सोडा घातल्यावर सरबतासारखा उतरतो, पण तोही दोनाच्या आसपास. ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बियरची बाटली म्हणजे चार. 'बियर म्हणजे काय दारू' म्हणणाऱ्याला हा हिशेब एकदा करून दाखवावा.

बाईचा रिपोर्ट

पहिला प्रश्न: तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा रजोनिवृत्तीनंतरच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू आहेत का? या गोळ्या आतड्यातून थेट यकृतात पोचतात आणि यकृत जास्त सीआरपी तयार करते, आकडा दुप्पटही होतो. त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या पट्टीने तसे होत नाही. म्हणजे हा वाढलेला आकडा ताणाचाही नाही आणि रोगाचाही नाही. फॉर्मवर औषधांची नावे लिहायला जागा असते, ती रिकामी सोडू नका. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

दुसरा प्रश्न कंबरेचा. बेंबीच्या वर, शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडून. भारतीय बायकांना ८० सेंमी, पुरुषांना ९० ही मर्यादा. चरबी वाढली की सीआरपी दोघांचेही वाढते, पण बायकांत हा दुवा जास्त घट्ट आहे. बायकांत नैराश्य आणि सीआरपी यांचे नाते तपासताना वजन हिशेबात धरले की ते विरते, त्याचे मोठे कारण हेच.

मग हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२. थकवा, उत्साह नसणे, झोप बिघडणे ही तीन लक्षणे थायरॉइड मंदावल्यावर होतात तशीच नैराश्यातही होतात. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे तासभर आखडत असतील तर संधिवाताची तपासणी करून घ्या. शरीर स्वतःवरच उलटते अशा आजारांत बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि 'हिचे रोजचेच रडगाणे' या शेऱ्याखाली ते वर्षानुवर्षे दडून राहतात.

ईएसआर (रक्तातल्या तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग) हाही छापून आला असेल तर तो सीआरपीसारखा वाचू नका. ढोबळ मर्यादा पुरुषाला वयाच्या निम्मी, बाईला वयात १० मिळवून त्याच्या निम्मी. पन्नाशीच्या पुरुषाला २५, पन्नाशीच्या बाईला ३०. रक्त कमी असले की हा आकडा दाहाशिवायही चढतो.

समजा बाई ४४ वर्षांची, फोंड्याच्या बाजूची. पाळीत फार जाते म्हणून गर्भनिरोधक गोळ्या चालू. कंबर ९१, हिमोग्लोबिन ९.८, ईएसआर ३४, एचएस-सीआरपी एकदा ४.२ आणि एकदा ३.६. मनाची बेरीज ९, म्हणजे ३६. वाचायचे असे: ईएसआरची मर्यादा २७, वरचा भाग रक्तक्षयावर जाऊ शकतो. सीआरपीची सरासरी ३.९, त्यात गोळ्या आणि कंबर यांचा वाटा मोठा असण्याची शक्यता. मन ३६ वर आहे आणि ते स्वतंत्रपणे उपचार मागते. इथे चूक दोन्हीकडून होते. एक डॉक्टर लोह देऊन पाठवतो, मनाचे विचारत नाही. दुसरा मनाची गोळी देतो आणि हिमोग्लोबिन बघत नाही.

गोव्यातल्याच एका पाहणीत अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ओझ्याशी जास्त जुळला होता. मनातले शरीराच्या भाषेत सांगणे ही इथली रीतच आहे. त्यामुळे कंबर दुखते, हातापायांत मुंग्या येतात, अंगावर जाते, अशा तीन तक्रारी एकदम आल्या की डब्ल्यूएचओ-५ काढावे, अँटिबायोटिकची चिठ्ठी नंतर.

पुरुषाचा रिपोर्ट

इथे क्रम उलटा. आधी दारू, तंबाखू, घोरणे. मग हिरड्या. मग कंबर. नियमित जास्त दारूने सीआरपी चढते, झोप तुटते आणि मन खचते. तिन्ही एकाच बाटलीतून. जोडीला जीजीटी आणि यकृताच्या इतर तपासण्या करून घ्या. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दुपारी स्टिअरिंगवर डुलकी लागणे असे असेल तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी हवी. हा आजार पुरुषांत जास्त आणि तोही सीआरपी वाढवतो.

समजा ४६ वर्षांचा माणूस, वेर्ण्याला शिफ्टमध्ये काम. सीआरपी ३.४ आणि ३.२, कंबर ९४, मनाचा आकडा ६०, म्हणजे कागदावर सगळे ठीक. पण रोज ६० चे तीन पेग, म्हणजे सहा प्रमाणे, आणि बायको लिहिते की आठवड्यातून चार वेळा भांडे आपटतो. हा ६० खरा धरायचा नाही. आधी दारू थांबली पाहिजे. दारूमुळे आलेले नैराश्य दारू बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांत बरेचदा उतरते. मग मन आणि सीआरपी पुन्हा मोजावे आणि उरलेले काय ते बघावे. मात्र रोज एवढी पिणाऱ्याने घरी एकदम तोडू नये. हात थरथरणे, घाम, भास, फिट हे पहिल्या दोन-तीन दिवसांत येऊ शकते आणि जिवावर बेतू शकते. डॉक्टरच्या सल्ल्याने, औषधाच्या आधाराने थांबवावी.

पुरुषात मन खाली आणि सीआरपी ३ च्या वर असे जुळून आले तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल त्याच आठवड्यात तपासा. हृदयाचा प्रश्न पुढच्या वर्षीच्या चेकअपवर ढकलू नका.

बारा आठवडे काय करायचे

गोव्यात 'संगत' या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांतच समुपदेशनाच्या दोन पद्धती तपासल्या, त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. एक नैराश्यासाठी, त्यात बहुसंख्य बायका होत्या. दुसरी घातक पिण्यासाठी, त्यात सगळे पुरुष. दोन्हींत समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती, आणि दोन्ही उपयोगी ठरल्या. नैराश्याच्या पद्धतीत आठवड्याला एक, ३० ते ४० मिनिटांची, अशा सहा ते आठ बैठका होत्या. तिचा गाभा घरीही वापरता येतो: मन ठीक झाल्यावर करू म्हणून सोडून दिलेली कामे मन ठीक नसतानाच, ठरलेल्या वेळी, लहान तुकड्यांत करायची.

'रोज चालायला जाईन' हे लिहून उपयोग नाही. 'सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच, देवळापर्यंत आणि परत, २० मिनिटे, शेजारच्या वहिनीबरोबर' असे लिहा. आधी मन १० पैकी किती, नंतर किती, तेही शेजारी मांडा. यादीत निदान एक गोष्ट माणसांबरोबरची हवी: भजन, फुगडीचा सराव, कुळागरातले काम, फुटबॉल. बाईच्या यादीत घरकाम चालत नाही. स्वयंपाक आणि पाणी भरणे हे तिचे 'उपक्रम' म्हणून लिहिणाऱ्या नवऱ्यांसाठी ही सूचना.

पहिले चार आठवडे बाईने झोपेवर भर द्यावा. उठायची वेळ पक्की, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, रात्री मोबाइल स्वयंपाकघरात. तान्हे मूल किंवा आजारी सासरे असतील तर रात्रीच्या पाळ्या लावा. एकटीने जागणे हा त्याग असेल, पण सकाळच्या रक्तात त्याची किंमत दिसते. पुरुषाने तेच चार आठवडे दारूला आणि तंबाखूला द्यावे. पुढचे आठ आठवडे दोघांनीही आठवड्याला १५० मिनिटांची धाप लागेल अशी चाल आणि कंबर यावर. एक किलो वजन उतरले तर सीआरपी सरासरीने साधारण ०.१३ ने उतरते. पाच किलोला ०.६५. ३.९ वरून १ वर यायची आशा फक्त वजनावर ठेवू नये, हे त्यावरून कळेल.

बांगडे, तारले आठवड्यातून दोन-तीनदा खावेत, तळण्यापेक्षा हुमणात बरे. पण याने सीआरपी किती उतरेल याचे वचन कोणी देऊ नये. हळदीच्या कॅप्सूल विकणारे देतात. आकडा खाली आणायला म्हणून वेदनाशामक गोळ्या घेणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. पोटात व्रण पडतो, मूत्रपिंडाला मार बसतो आणि मूळ कारण जिथे होते तिथेच राहते.

पुन्हा मोजताना

बारा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, पाळीच्या त्याच टप्प्यावर, तापापासून दोन आठवडे दूर. एकाच माणसाचे सीआरपी काही न घडताही बरेच खालीवर होते. २.१ चे २.९ झाले तर काही झाले असे समजू नका. निम्मे झाले वा दुप्पट झाले, तेव्हा विचार करावा.

मन ३६ वरून ५६ वर आले आणि सीआरपी ३.९ चे ३.७ च राहिले, असे वारंवार होईल, बायकांत विशेषकरून. ते अपयश नव्हे. मनाचा उपचार मनाच्या आकड्यावर जोखायचा. उलट मन तसेच, उपचार नीट घेऊनही हलत नाही, आणि सीआरपी दोन्ही वेळा ३ च्या वर, असे असेल तर मनोविकारतज्ज्ञाला तो कागद मुद्दाम दाखवा. नैराश्याच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत सीआरपी ३ च्या वर सापडते. २०१३ च्या एका चाचणीत दाह रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे इंजेक्शन हट्टी नैराश्यावर वापरून पाहिले, तर एकूण रुग्णांत फायदा दिसला नाही, पण ज्यांचे सीआरपी ५ च्या वर होते त्यांच्यात मात्र तो दिसला. तो अजून रोजचा उपचार नाही. ते इंजेक्शन कोणाकडे मागू नये.

मरण बरे, असे विचार येत असतील तर हे मोजमाप आणि बारा आठवडे सगळे सोडा. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे, तिथे त्याच दिवशी घेऊन जा. जाताना चालू औषधांची पाकिटे, दोन्ही रिपोर्ट आणि ती वही पिशवीत टाका.